मेंढ्यांत कुत्रे शिरले तेव्हा

माझा नवरा कामाच्या वेळी पोस्टात कधी येत नाही. आमच्या गावचं पोस्ट म्हणजे एक खोली, एक टेबल, एक लोखंडी कपाट, आणि पोस्टमास्तरपासून कारकुनापर्यंत सगळं मीच. लोक मला पोष्टबाई म्हणतात. त्या दिवशी अकराच्या सुमारास मी नागभीडला जाणाऱ्या थैलीचं तोंड बांधत होते. गाडी यायला दहा मिनिटं होती. मान वर केली तर तो दारात उभा. सायकल अंगणात आडवी पडलेली, मागचं चाक अजून फिरत होतं. त्याचे दोन्ही तळहात सोललेले होते आणि सदरा छातीपाशी फाटला होता.

"मेंढ्यांत कुत्रे शिरले," तो म्हणाला.

"किती?"

"पाच. का सहा. मी मोहावर चढलो."

मी न विचारता त्याने हे सांगितलं. आधी दगड मारले, काठी फिरवली, पण एक कुत्रं वळून त्याच्याच अंगावर आलं तेव्हा तो झाडावर चढला आणि वरून बघत राहिला. पुढे कुणी त्याला याबद्दल टोचून बोललं तर मला राग यायचा. मी त्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

थैली मी शेजारच्या पानठेल्यावर ठेवायला दिली, खोलीला कुलूप घातलं आणि त्याच्या सायकलवर मागे बसले.

आमच्याकडे तेव्हा एकोणीस मेंढ्या होत्या. आम्ही मेंढ्यावाले नव्हे. आमची धानाची शेती, तीही थोडी. पण दर वर्षी कापणी झाली की एक कुरमार मेंढपाळ कुटुंब आपला कळप घेऊन आमच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, मुक्कामाला येतं. मेंढ्या शेतात बसतात, लेंडीचं खत पडतं. त्या कुटुंबातली एक बाई, साठीच्या आसपासची, हडकुळी, डोक्यावर कायम घोंगडीची घडी. पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्या कळपात दोन पिल्लांची आई मेली, तेव्हा ती पिल्लं तिने माझ्या ओटीत टाकली. म्हणाली, "तुह्या घरी दूध आहे, वाचतीन." मी बाटलीने पाजून ती वाढवली. त्या दोघींच्या आणि पुढे घेतलेल्या दोन-तीन मेंढ्यांच्या पोटची ही एकोणीस. सकाळी नवरा त्यांना चारायचा, दुपारी पोस्ट बंद झालं की मी जायची.

शेताच्या अलीकडे मी सायकलवरून उतरले. पहिली दिसली ती लोकर. धानाच्या धसकटांवर काळ्या लोकरीचे पुंजके अडकले होते, दोन बांध्या भरून, आणि वाऱ्याने हलत होते. शेळी ओरडते. तिला नुसतं दोराने ओढलं तरी चार घरं ऐकतात. मेंढी ओरडत नाही. कुत्र्याने धरली तरी ती तोंड मिटून उभी राहते. त्यामुळे आसपासच्या शेतांत माणसं होती, तरी कुणाला काही कळलं नव्हतं. लाखोरी डाळीच्या हिरव्या पट्ट्यात तीन मेंढ्या मेलेल्या होत्या. पाच जिवंत होत्या, बांधाला अंग टेकून उभ्या. एकीचा कान नव्हता, बाकीच्यांच्या मांड्या फाटल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण जवळ गेले तेव्हा थरथरत मागे सरल्या. त्यांतली एक माझ्या बाटलीवर वाढलेली होती.

"बाकीच्या?" मी विचारलं.

नवऱ्याने हात केला. शेताच्या पलीकडे नाला, आणि नाल्याच्या पलीकडे जंगल.

अकरा मेंढ्या त्या जंगलात गेल्या होत्या. आणि त्या महिन्यात नाला ओलांडायला सगळ्यांना मनाई होती. वनखात्याची माणसं लाउडस्पीकर लावून सांगून गेली होती की वाघीण पिल्लं घेऊन नाल्याच्या पट्ट्यात फिरते आहे, सरपणाला जाऊ नका, गुरं सोडू नका. आमच्याकडे असं अधूनमधून होतंच. माणसं ऐकतात, थोडे दिवस थांबतात, मग जातात. पण त्या वेळी कुणी जात नव्हतं, कारण पंधरा दिवसांपूर्वीच पलीकडच्या गावचा एक बैल तिने नाल्यातच पाडला होता.

कुरमारबाई तोवर आली होती. तिचा तळ दोन शेतं सोडून होता. तिने मेलेल्या मेंढ्यांकडे एकदा पाहिलं, मग नाल्याकडे.

"डबा वाजवत जाऊ," नवरा म्हणाला. "वाघ असन तर आवाजानं सरकते."

"आवाजानं मेंढी बी सरकते," बाई म्हणाली. "आता तिले आवाज म्हनजे कुत्रं. अजून आत जाईन."

आम्ही तिघं तिथे उभे राहिलो. डबा वाजवला तर मेंढ्या जातील, नाही वाजवला तर समोर काय येईल ते सांगता येत नव्हतं. शेवटी बाईने घोंगडी डोक्यावरून काढून कमरेला बांधली आणि म्हणाली, "मी समोर. तू माह्या मांगं. तो शेवटी. कोनी बोलाचं नाई."

नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडच्या रेतीत मेंढ्यांच्या खुरांचा नुसता चिखल झाला होता. त्याच्या कडेने एक पंजा उमटलेला होता. माझ्या हाताच्या तळव्याएवढा. त्यात पाणी पाझरून साचलं होतं, आणि ते गढूळ होतं की निवळलेलं, ते बघायला बाई वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग तिने मागे वळून फक्त मान हलवली. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. ताजा नाही, असं तिला म्हणायचं होतं. मी मात्र अगदी उलटं समजले आणि तशीच तिच्या मागे चालत राहिले.

आत गेल्यावर पाचोळा. सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडतात. पाय कितीही हळू ठेवला तरी आवाज होतोच. आम्ही दहा पावलं चालायचो, थांबायचो, ऐकायचो. करवंदीच्या काट्यांना लोकर अडकलेली दिसायची तिकडे वळायचो. नवऱ्याचा श्वास मला मागून ऐकू येत होता. एकदा कुठेतरी चितळ ओरडलं. एकच, तीक्ष्ण. आम्ही जागच्या जागी थांबलो. चितळ दुसऱ्यांदा ओरडलं, मग तिसऱ्यांदा. ज्याने वाघाच्या जंगलात दिवस काढले आहेत त्याला हा इशारा समजावून सांगावा लागत नाही. मी डाव्या हाताने बाईच्या लुगड्याचा काठ धरला होता. कधी धरला ते आठवत नाही.

चितळ गप्प झालं. बाई परत चालायला लागली.

मेंढ्या बांबूच्या बेटात होत्या. एकमेकींच्या अंगात डोकी खुपसून, एका ढिगाऱ्यासारख्या. आम्हाला पाहून एकही हलली नाही. बाईने जिभेने तिचा नेहमीचा आवाज केला, अगदी हलका, दाताच्या फटीतून वारा सोडल्यासारखा. काही नाही. पुन्हा केला. पुन्हा काही नाही. मग ती सरळ आत शिरली, कळपातल्या मोठ्या मेंढीचे पुढचे दोन पाय धरले, तिला खांद्यावर घेतलं आणि मागे न बघता चालू लागली.

बाकीच्या थोडा वेळ तशाच. मग एक निघाली. तिच्या मागे दुसरी. मग सगळ्या, एका ओळीत, त्या खांद्यावरच्या मेंढीच्या मागे. परतताना आम्ही आवाजाची पर्वा केली नाही. मी जवळजवळ पळत होते.

नाला ओलांडून मोजल्या तर नऊ. दोन नव्हत्या. कुणीही पुन्हा आत जाऊ म्हटलं नाही. एक मेंढी दोन दिवसांनी आपणहून दारात येऊन उभी राहिली. दुसरी कधीच दिसली नाही.

दुपारपर्यंत शेतात अर्धं गाव जमलं. सगळ्यांचं एकच मत होतं, रानकुत्रे. आमच्या भागात रानकुत्रे आहेत, टोळीने शिकार करतात, तेव्हा लोकांना दुसरं काही सुचलं नाही. कुरमारबाई मेलेल्या मेंढीपाशी बसली होती. तिने मेंढीचा मागचा पाय उचलून दाखवला.

"रानकुत्रं खाते," ती म्हणाली. "इथून धरते आन घंट्याभरात हाडं ठेवते. हे पाहा, काईच खाल्लं नाई. कान फाडला, मांडी फाडली, सोडून देल्लं, दुसरी धरली. हे पोट भरलेल्या कुत्र्याचं काम आहे. गावातल्या."

गावातला कुत्रा म्हणजे कुणाच्या तरी घरचा कुत्रा. लोक हळूहळू पांगले.

पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले, पाचही मेंढ्यांना टाके घातले, इंजेक्शनं दिली. त्यांतल्या दोन तरी आठवड्याभरात गेल्याच. जखमा बऱ्या होत होत्या, पण त्यांनी खाणं सोडलं होतं. बाकीच्यांना मी घरामागच्या गोठ्यात कोंडून ठेवलं. चारा कापून आणायचा आणि समोर टाकायचा. त्या चाऱ्यापेक्षा दाराकडे जास्त बघायच्या.

आठ दिवसांनी मी त्यांना पहिल्यांदा बाहेर काढलं. जंगलाकडे नाही, घरामागच्याच बांधीत, जिथून माझं स्वयंपाकघर दिसतं. दुपारचे दोन वाजले असतील. ऊन चांगलं होतं. मी हातात बांबूची काठी घेऊन बांधावर बसले होते, आणि खरं सांगायचं तर दहा मिनिटांनी मला बरं वाटायला लागलं होतं.

मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. सगळ्यांनी, एकाच दिशेला. मी वळले तोवर ते आत आले होते. पाच कुत्रे, भुंकत नव्हते. भुंकणारा कुत्रा मला माहीत आहे. न भुंकता पळणारा कुत्रा मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी कळप दोन भागांत फाडला, एका गाभण मेंढीला बाजूला काढलं आणि तिघांनी तिला मागून धरलं. मी धावले. पहिल्या कुत्र्याच्या पाठीत काठी घातली, तो केकाटून बाजूला झाला. दुसऱ्याला घातली. तिसरा मेंढीच्या मानेशी होता. तांबडा, पुढचा एक पाय पांढरा. काठी उगारली आणि हात तसाच राहिला.

तो मी ओळखला. शेजारच्या भाऊंचा कुत्रा. रोज सकाळी माझ्या पोस्टाच्या पायरीवर येऊन बसायचा. मी बिस्किट दिलं की घ्यायचा, नाही दिलं तरी बसायचा. पोरांनी शेपूट ओढली तरी कधी गुरगुरला नाही.

त्याने मेंढी सोडली, मला पाहिलं आणि शेपूट हलवली. तोंड लाल होतं आणि तो शेपूट हलवत होता, सकाळी पायरीवर हलवतो तशीच.

मी काठी घातली नाही. ओरडले. पाचही गेले. गाभण मेंढी तासाभराने माझ्यासमोर गेली.

मी तशीच भाऊंच्या घरी गेले. साडीवर रक्त होतं. भाऊ म्हणजे आमच्या आळीतले सगळ्यांत मोठे. वनखात्यात चौकीदार होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बायको गेली, मुली लग्न होऊन ब्रह्मपुरीकडे. घरात ते आणि कुत्रा. ते अंगणात खाटेवर बसले होते. कुत्रा त्यांच्या पायाशी होता. ओला. तोंडापासून पोटापर्यंत ओला.

"भाऊ, तुमच्या कुत्र्यानं माही मेंढी मारली," मी म्हणाले.

"कोनी सांगतलं?"

"मी पाह्यलं."

"तांबडे कुत्रे गावात दहा आहेत, बाई."

"याचा पाय पांढरा आहे. आन हा ओला काऊन आहे?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. "नाल्यात गेला असन. उन्हाचा जाते पान्यात." मग म्हणाले, "हा दूधभात खाते. याले मी कच्चं मटन कधी दाखवलं नाई. तुमच्या मेंढ्या रानकुत्र्यानं मारल्या, सारं गाव सांगून राह्यलं. आता तुमाले कोनावर तरी राग काढाचा आहे."

मी आणखी काही बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच की त्यांच्या एकटेपणावर बोलले.

दुसऱ्या दिवशी नवरा जखमांवरचं औषध आणायला ब्रह्मपुरीला गेला. मी पोस्ट बंद करून घरी आले. डोकं थंड होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. कालच्या मेंढीचं मांस घरामागे होतं. फवारणीचं औषध शेतीच्या सामानाच्या कपाटात होतं. त्यातून मी सात तुकडे तयार केले. आमच्या घरात रोज सकाळी वंदना होते, पंचशील म्हटलं जातं. जीव मारणार नाही, हे त्यातलं पहिलं शील. ते मला त्या वेळी आठवलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आठवलं. मी मनात म्हणाले, आधी माझ्या मेंढ्या.

सात तुकडे मी नाल्याकडच्या बांधावर ठेवले, कुत्रे येतात त्या वाटेवर. घरी येऊन हात धुतले. परत धुतले. तिसऱ्यांदा धूत होते तेव्हा कुरमारबाई हळद आणि निंबाचा पाला घेऊन आली. जखमांवर लावायला रोज यायची. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"काय धूऊन राह्यली इतकं?"

तिने कपाटाच्या उघड्या दाराकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"किती ठेवले?"

"सात."

"उचल." ती वळलीसुद्धा. "चाल लवकर. माहे कुत्रे त्याच बांधानं येतेत. मोर येतेत. मुंगूस येते. तुले काय वाटलं, त्यावर नाव लिवलं आहे?"

आम्ही दोघी धावलो. पहिले चार तुकडे जागेवर होते. पाचवा कावळ्याने उलटवला होता, पण खाल्ला नव्हता. सहावा पळसाखाली मिळाला. सातवा मी दोन दगडांच्या मधे ठेवला होता. दगड होते. तुकडा नव्हता.

आम्ही बांध वर-खाली शोधला. गवत हाताने बाजूला करून पाहिलं. मी गुडघ्यांवर बसून बिळांपाशी पाहिलं. तास गेला, दोन गेले. बाई पळत जाऊन तळावरचे आपले तिन्ही कुत्रे बघून आली. तिघंही होते, तिने त्यांना बांधून टाकलं. मग ती माझ्याशेजारी बांधावर बसली आणि म्हणाली, "आता वाट पाहनं आहे." एवढंच. मला वाटत होतं तिने शिव्या द्याव्यात.

नवरा परतला तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही.

सकाळी पोस्ट उघडलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. पायरी रिकामी. मी टपालावर शिक्के मारत होते आणि दर शिक्क्याला पायरीकडे बघत होते. एक म्हातारा पत्र लिहून घ्यायला आला, त्याने मजकूर तीनदा सांगितला तरी माझ्या डोक्यात शिरला नाही. दहा वाजले. तांबडा आला नाही. काल याच वेळी मला तो मेलेला हवा होता. आज त्याची पावलं ऐकायला मी काहीही दिलं असतं. साडेदहाला मी उठले, खोली तशीच उघडी ठेवली आणि भाऊंच्या घरी गेले. वाटेत विषाचं सांगायचं एकच वाक्य मनात घोळत होतं आणि ते दर वेळी निराळ्या शब्दाने सुरू होत होतं.

कुत्रा अंगणात होता. जिवंत. पेरूच्या झाडाला जाड साखळीने बांधलेला. त्याने मला पाहून उठायचा प्रयत्न केला, साखळीने ओढला गेला आणि खाली बसला. भाऊ दारात होते. डोळे सुजलेले.

"परवा संध्याकाळीच बांधला," ते म्हणाले. "तुमी गेल्यावर याच्या तोंडात बोट घालून पाह्यलं. दाढेत लोकर होती. काळी." मग म्हणाले, "धुतला मीच होता, बाई. तुमी आल्या त्याच्या आधी. रक्त कायचं आहे ते मले पाहाचं नव्हतं."

मी त्यांच्या पायरीवर बसले. मग सांगितलं. सात तुकडे, सहा उचलले, सातवा नाही.

त्यांची सगळी नोकरी अशाच गोष्टी पकडण्यात गेली होती. फासे, विजेच्या तारा, विषाचं मांस. आमच्या भागातली कितीतरी माणसं त्यांनी पकडून दिली होती.

"मी नोकरीत असतो तं तुमच्यावर केस केली असती," ते म्हणाले, सरळ आवाजात. मग पायात चपला घातल्या. "चाला. दाखवा कुठी ठेवला होता."

बांधावर त्यांनी मला दहा हात मागे उभं केलं. ते त्या दोन दगडांपाशी बसले आणि जमिनीकडे बघत राहिले. काल आम्ही दोघींनी तिथे इतकं तुडवलं होतं की मला वाटलं काही दिसणार नाही. पण ते बांधाच्या खालच्या अंगाला उतरले, ओल्या मातीत बोट टेकवलं, थोडं पुढे गेले, परत बोट टेकवलं.

"कुत्रं नव्हे," म्हणाले. "कोल्हा आहे. पान्याकडे गेला."

विष खाल्लेलं जनावर पाण्याकडे जातं, हे त्यांनी चालता चालता सांगितलं. नाल्याच्या काठाने आम्ही खूप चाललो. पलीकडच्या झाडीकडे माझं लक्ष होतं, वाघिणीची मनाई अजून उठली नव्हती. भाऊंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही, ते जमीन वाचत होते. एका वळणावर घाणेरीच्या झुडपाखाली तो होता. तोंड पाण्यात, मागचे पाय काठावर. लहानसा होता, मला वाटला होता त्याहून बराच लहान. अंगावर एक जखम नाही.

मी रडले नाही. उभी राहिले. माझ्या मेंढ्यांना कधी हात न लावलेलं ते जनावर मी मारलं होतं, आणि त्याच्यासमोर काय वाटावं तेही मला ठरवता येत नव्हतं.

"फावडं आना," भाऊ म्हणाले. "इथंच राह्यला तर याले खाऊन अजून कोनी मरन."

मी घरी जाऊन फावडं आणि काल उचललेले तुकडे आणले. कमरेइतका खड्डा आम्ही दोघांनी आळीपाळीने खणला. त्यांना धाप लागायची, मग मी खणायची. कोल्हा आणि उरलेले सहाही तुकडे त्यात घातले, वर दगड रचले, मग माती. त्यांनी काठी रोवून ठेवली, गुरांचा पाय खचू नये म्हणून. परतताना ते फक्त एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तुमी एकटेपनाचं बोलल्या. ते खरं आहे. पन मले एकटं कुत्र्यानं केलं नाई."

मी माफी मागितली. कशाकशाची ते वेगळं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

बाकीच्या चार कुत्र्यांचा उलगडा भाऊंनीच केला. दोन दिवस त्यांनी त्यांचा माग काढला. मोठ्या रस्त्याच्या कडेला कोंबड्यांची पिसं, आतडी, मुंडकी टाकायची एक जागा झाली होती. कुत्रे तिथे जमायचे, पोट भरायचे, आणि भरल्या पोटी टोळीने फिरायला निघायचे. तांबडा दुपारी भाऊंचा डोळा लागला की त्यांना जाऊन मिळायचा. "एकटा असता तं मेंढीच्या वाटेलाच गेला नसता," भाऊ म्हणाले. ग्रामसभेत ते उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे की टोळीत माझा कुत्रा होता. त्यानंतर कुणालाच रानकुत्र्यांचं नाव घेता आलं नाही. अर्ज मी लिहिला. मजूर लावून ती जागा बुजवली गेली आणि मांसवाल्यांना खोल खड्डा करून झाकण बसवायला सांगितलं. सांगितलं म्हणून लगेच झालं असं नाही. भाऊ रोज सकाळी काठी घेऊन तिथे जाऊन उभे राहायचे, तेव्हा कुठे झालं. तीन कुत्रे पांगले. एक अजून त्या रस्त्यावर दिसतो, पण एकटा.

तांबडा साखळीवरच राहिला. मेंढीची चटक लागलेला कुत्रा पुन्हा मोकळा सोडता येत नाही, हे भाऊंनाही माहीत होतं आणि मलाही. सकाळ-संध्याकाळ ते त्याला दोरीने धरून फिरवायचे, दोन हात गुंडाळून, एखाद्या बैलाला धरावं तसं. उन्हाळ्यात ते स्वतः आजारी पडले तेव्हा महिनाभर मी त्याला फिरवलं. तो मेंढ्यांच्या वासाला थांबायचा, अंग ताठ करायचा. मी दोरी ओढायची. तो यायचा.

मेंढ्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. दोघींनी अर्ध्यात पिल्लं टाकली. हाताशी येऊन खाणाऱ्या मेंढ्या हात पुढे केला की मागे सरायच्या, माझ्या बाटलीवर वाढलेलीसुद्धा. कुरमारबाई म्हणाली, मेंढी भीती एक वर्ष धरून ठेवते, मग सोडते. आम्ही गोठ्याला बांबूचं दाट कूड घातलं, खाली बाभळीचे काटे पुरले. नवरा आता एकटा चारायला जात नाही, आम्ही वेळा जुळवून दोघं जातो. पोस्टाची वेळ सोडली तर माझा दिवस त्यांच्याबरोबरच जातो.

विषाची गोष्ट मी नवऱ्याला उन्हाळ्यात सांगितली. दुपारी शेतात मोहाच्या सावलीत बसलो होतो. तो ऐकत राहिला. नंतर विचारलं, "मले तेव्हा काऊन नाई सांगतलं?"

"तू नको म्हनला असता म्हनून."

"मले नाई वाटत मी नको म्हनलो असतो," तो म्हणाला. "माह्या मनात बी तेच होतं. मी औषधाची बाटली पाहून ठेवली होती."

मग आम्ही दोघं उठलो आणि मेंढ्यांना पाण्यावर घेऊन गेलो.